लिम्फेडेमा: तुंबलेली लसीका, धुमसता दाह आणि निबर होणारी त्वचा

हातापायातून परतणारी लसीका वाटेत अडली की जी सूज येते, तिला लिम्फेडेमा म्हणतात. सुरुवातीला ही सूज मऊ असते. बोटाने दाबले की खळगा पडतो आणि रात्री पाय उशीवर उंच ठेवला की सकाळपर्यंत ती बरीचशी उतरते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मात्र तीच सूज उतरेनाशी होते, त्वचा जाड आणि निबर होते, दाबूनही खळगा पडत नाही. या काळात नुसते पाणी वाढलेले नसते, त्वचेची आणि त्याखालच्या ऊतींची घडणच बदललेली असते. हा बदल घडवतात दोन प्रक्रिया: दीर्घकाळ चालणारा दाह आणि तंतुमयता, म्हणजेच फायब्रोसिस. पूर्वी या दोन्हींकडे तुंबलेल्या लसीकेचा शेवटचा परिणाम म्हणून पाहिले जाई. आता हे स्पष्ट झाले आहे की आजार पुढे नेण्याचे कामही त्याच करतात. उपचार केव्हा सुरू करायचे आणि त्यांतून किती अपेक्षा ठेवायची, हेही बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरते.

लसीकेचा रोजचा मार्ग

रक्त केशवाहिन्यांतून जात असताना त्यातले पाणी, क्षार आणि थोडी प्रथिने सतत पेशींभोवतीच्या जागेत झिरपत असतात. यातले बहुतेक पाणी शिरांच्या बाजूने परस्पर रक्तात परत शिरते, असे अनेक वर्षे शिकवले गेले. लेव्हिक आणि मिशेल यांनी २०१० मध्ये मांडलेल्या सुधारित मतानुसार बहुतेक ऊतींमध्ये हे पाणी परत नेण्याची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे लसीकावाहिन्यांवरच असते. त्यांच्या अंदाजाप्रमाणे दिवसाला सुमारे ८ लिटर लसीका ग्रंथींपर्यंत पोचते. त्यातले निम्मे पाणी ग्रंथींमध्येच रक्तात शोषले जाते आणि उरलेली सुमारे ४ लिटर लसीका गळ्याच्या तळाशी मोठ्या शिरांमध्ये रिती होते.

या वाहतुकीची सुरुवात त्वचेतल्या अतिशय पातळ लसीका-केशिकांपासून होते. त्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना सलग चिकटलेल्या नसतात, त्यांच्यामध्ये झडपेसारख्या फटी असतात. बारीक धाग्यांनी या पेशी आजूबाजूच्या ऊतीला बांधलेल्या असतात. ऊतीत पाणी वाढले की धागे ताणले जातात, फटी उघडतात आणि पाणी, प्रथिने, जंतू, भटक्या रोगप्रतिकारक पेशी असे सगळे आत ओढले जाते. पुढे या केशिका मोठ्या वाहिन्यांना मिळतात. मोठ्या वाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतो आणि ठरावीक अंतरावर झडपा असतात. दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा मिनिटाला अनेकदा आकुंचन पावतो आणि लसीका पुढच्या तुकड्यात ढकलतो. हृदयासारखा मध्यवर्ती पंप लसीकेला नाही. तिचा प्रवाह या छोट्या आकुंचनांवर, आजूबाजूच्या स्नायूंच्या हालचालीवर आणि श्वासावर चालतो. म्हणून वाहिनीची भिंत कडक झाली तर या यंत्रणेला दुसरा पर्याय उरत नाही.

अडथळा आज, सूज उद्या

अडथळ्याची कारणे वेगवेगळी असतात. काही मुलांमध्ये तो जन्मजात असतो. विल्यम मिलरॉय यांनी १८९२ मध्ये एका कुटुंबातल्या पिढीजात पायसुजेचे वर्णन केले होते. या आजाराच्या मुळाशी व्हीईजीएफआर-३ या ग्राहकाच्या जनुकातला दोष आहे हे शंभर वर्षांनंतर समजले. लसीकावाहिन्या वाढण्यासाठी हाच ग्राहक लागतो. जगभरात मात्र जन्मजात कारणांपेक्षा नंतर लागलेली कारणे कितीतरी अधिक आढळतात: हत्तीरोगाचा कृमी, कर्करोगावरची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार, अतिलठ्ठपणा. इथिओपियासारख्या उंचावरच्या ज्वालामुखीजन्य प्रदेशांत लाल मातीतून वर्षानुवर्षे अनवाणी चालल्यानेही पाय असेच सुजतात. तिथे मातीतले खनिजकण त्वचेतून लसीकावाहिन्यांत शिरतात. कृमी, शस्त्र, किरण आणि माती यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, तरी दहा-वीस वर्षांनंतर त्या पायांची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर जाड झालेले कोलॅजेन, वाढलेली चरबी आणि दाहपेशी हेच चित्र दिसते. कारण कोणतेही असो, पुढची वाट एकच आहे.

स्तनाच्या कर्करोगानंतरच्या लिम्फेडेमात एक गोष्ट विशेष लक्षात येते. काखेतल्या ग्रंथी काढल्या त्याच दिवशी वाहिन्या तुटतात, पण हात बहुधा तेव्हा सुजत नाही. शस्त्रक्रियेनंतरची तात्पुरती सूज ओसरते, हात महिनोन्महिने चांगला राहतो आणि मग एक दिवस बांगड्या घट्ट होऊ लागतात. ज्यांना हा त्रास होतो त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश स्त्रियांमध्ये तो पहिल्या तीन वर्षांत सुरू होतो, काहींमध्ये दहा-पंधरा वर्षांनीही. शिवाय तो सगळ्यांनाच होत नाही. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार काखेतल्या ग्रंथी मोठ्या प्रमाणावर काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २० टक्के आणि फक्त प्रहरी ग्रंथीच (स्तनाची लसीका सर्वांत आधी जिथे पोचते त्या) तपासलेल्यांपैकी सुमारे ५.६ टक्के स्त्रियांना लिम्फेडेमा झाला. वाहिनी तुटणे एवढेच कारण असते तर सूज लगेच आणि सगळ्यांनाच आली असती. मधल्या काळात शरीरात काय चालते, याचे उत्तर दाहात सापडते.

दाह कसा पेटतो

लसीका साचली की तिच्याबरोबर प्रथिने, मेलेल्या पेशींचे अवशेष, मेदकण आणि त्वचेतून शिरलेले जंतूही तिथेच अडकून राहतात. एरवी हे सारे काही तासांत ग्रंथींमध्ये जाऊन निकाली निघाले असते. साचलेल्या या मालाचे नमुने घेऊन त्वचेतल्या पहारेकरी पेशी जवळच्या ग्रंथींपर्यंत जातात आणि तिथल्या टी पेशींना जागे करतात. जागृत झालेल्या टी पेशी सुजलेल्या त्वचेत परत येतात आणि तिथेच ठाण मांडतात. लिम्फेडेमाच्या रुग्णांच्या त्वचेच्या तुकड्यांत सीडी४ प्रकारच्या टी पेशी मोठ्या संख्येने दिसतात, आणि आजार जितका पुढे गेलेला तितकी त्यांची गर्दी अधिक.

या पेशी फक्त जमलेल्या आहेत की प्रत्यक्ष नुकसान करत आहेत, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून उलगडले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये बाबक मेहरारा यांच्या गटाने त्यासाठी उंदराच्या शेपटीचा वापर केला. शेपटीच्या मुळाशी त्वचेची एक अरुंद पट्टी चहूबाजूंनी काढली आणि खोलवरच्या लसीकावाहिन्याही बंद केल्या की पलीकडची सारी शेपटी फुगते, तिथे चरबी साठते आणि त्वचा तंतुमय होते. माणसाच्या हातापायात वर्षानुवर्षे घडणारे बदल इथे काही आठवड्यांत पाहता येतात. ज्या उंदरांमध्ये सीडी४ पेशीच नव्हत्या, त्यांची तीच शस्त्रक्रिया केली तर शेपटी फारशी सुजली नाही आणि तंतुमयताही अगदी कमी झाली. वाहिन्या दोन्ही गटांत सारख्याच तोडल्या होत्या, फरक होता तो शरीराने दिलेल्या प्रतिसादात.

सीडी४ पेशींमध्येही टीएच२ नावाचा उपप्रकार इथे महत्त्वाचा ठरतो. कृमींविरुद्धच्या लढ्यात आणि दम्यासारख्या ॲलर्जींमध्ये याच पेशी पुढे असतात. त्या इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ ही रसायने सोडतात. ही रसायने तंतुजनक पेशींना कोलॅजेन बनवायला लावतात आणि नव्या लसीकावाहिन्या फुटण्यालाही आडकाठी करतात. उंदरांमध्ये ही रसायने अडवली तर तंतुमयता कमी झाली आणि लसीकेचा प्रवाह सुधारला.

दाहाचा आणखी एक परिणाम वाहिनीच्या धडधडीवर होतो. वाहिनीच्या अस्तरातून अगदी मोजक्या प्रमाणात, तालात सुटणारा नायट्रिक ऑक्साइड वायू आकुंचन आणि शिथिलता यांचा मेळ राखतो. वाहिनीभोवती जमलेल्या दाहपेशी हाच वायू भरमसाट आणि सतत सोडतात. मग तो मेळ बिघडतो आणि वाहिनी क्षीणपणे आकुंचन पावते. अशा रीतीने जी वाहिनी शस्त्रक्रियेतून किंवा कृमीपासून वाचली होती, तीही दाहामुळे निकामी होते.

दाहाला सरसकट शत्रू मानणेही बरोबर नाही. भक्षकपेशी व्हीईजीएफ-सी हे वाढद्रव्य पुरवतात आणि त्यावरच नव्या वाहिन्या फुटतात. उंदरांमधून या पेशी काढून टाकल्या तेव्हा टी पेशींची गर्दी आणि तंतुमयता दोन्ही उलट वाढल्या. दुरुस्ती करणारा दाह आणि बिघडवणारा दाह एकाच ठिकाणी चालू असतात. म्हणूनच सरसकट दाह दाबणारे औषध इथे पुरे पडत नाही.

तंतू कुठे कुठे माजतात

तंतुमयता म्हणजे जखम भरताना बनणाऱ्या व्रणासारखीच प्रक्रिया, फक्त ती थांबत नाही. तिचे मुख्य सूत्र टीजीएफ-बीटा या वाढद्रव्याच्या हाती असते. साचलेली लसीका ते वाढवते आणि किरणोपचारही वाढवतात. काखेची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार असे दोन्ही झालेल्या स्त्रियांना लिम्फेडेमाचा धोका अधिक असण्यामागे हे एक कारण आहे. टीजीएफ-बीटा तंतुजनक पेशींना कामाला लावते आणि त्याच वेळी लसीकावाहिन्यांच्या अस्तरपेशींची वाढ रोखते. म्हणजे जिथे नवी वाट फुटायला हवी, तिथेच व्रणाची भिंत उभी राहते.

पहिली भिंत त्वचेत उठते. कोलॅजेनचे जाड पट्टे केशिकांभोवती आवळले जातात. फटी उघडणारे धागे अशा घट्ट ऊतीत नीट ताणले जात नाहीत, त्यामुळे पाणी आत ओढलेच जात नाही.

दुसरी भिंत मोठ्या वाहिन्यांच्या आतच तयार होते. लसीकावाहिनी शिरेला जोडण्याच्या शस्त्रक्रियांच्या वेळी जपानमध्ये घेतलेल्या नमुन्यांचा मिहारा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अभ्यास केला. त्यात एकाच आजाराच्या पायऱ्या ओळीने दिसल्या. आधी वाहिनी साचलेल्या दाबाने फुगते. मग भिंतीतला स्नायू वाढून ती आकसते. शेवटी स्नायूच्या जागी कोलॅजेन भरते, पोकळी सुईच्या टोकाएवढीही उरत नाही आणि वाहिनी एखाद्या दोरीसारखी भरीव होते. पहिल्या पायरीवरची वाहिनी अजून लसीका ढकलू शकते, शेवटच्या पायरीवर ते शक्य नसते.

तिसरा बदल चरबीचा. लसीका जिथे साचते तिथे चरबीच्या पेशी वाढतात, हे बऱ्याच काळापासून डॉक्टरांना दिसत होते. स्वीडनमधल्या माल्मो इथे हाकान ब्रोर्सन यांनी १९८७ पासून लिम्फेडेमा झालेल्या हातांवर लायपोसक्शन सुरू केले, तेव्हा बाहेर आलेल्या द्रव्यात बहुतांश चरबीच होती. दाबून खळगा न पडणारा हात पाण्याने नाही, चरबीने आणि तंतूंनी भरलेला असतो. त्यामुळे पट्ट्या कितीही घट्ट बांधल्या तरी त्याचा तो भाग उतरत नाही.

अशा रीतीने चक्र पूर्ण होते. लसीका साचते, साचल्याने दाह पेटतो, दाहाने तंतू वाढतात, तंतूंनी वाहिन्या आवळल्या जातात आणि लसीका आणखी साचते.

चिखल्या, धावरे आणि हत्तीरोग

या चक्राला सर्वांत मोठा वेग देतो जंतुसंसर्ग. १९३४ मध्ये अमेरिकेत ड्रिंकर, फील्ड आणि होमन्स यांनी कुत्र्यांच्या पायातल्या लसीकावाहिन्या पुन्हा पुन्हा बंद करून लिम्फेडेमा निर्माण केला. अशा पायांना तापाचे झटके येत आणि त्यात स्ट्रेप्टोकॉकस जंतू सापडत. प्रत्येक झटक्यानंतर पाय अधिक जाड आणि अधिक तंतुमय होत गेला.

माणसातही तेच घडते, आणि महाराष्ट्रात ते सर्वांत जास्त दिसते हत्तीरोगात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे विदर्भातले जिल्हे या रोगाचे जुने क्षेत्र आहेत. साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीच्या अळ्या माणसात सोडतो. प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत घर करतात आणि अनेक वर्षे जगतात. कृमी जिवंत असताना वाहिनी फुगते, पण दाह बेताचा असतो. कृमी मेला की त्याचे आणि त्याच्यात राहणाऱ्या वोल्बाकिया जीवाणूंचे अवशेष बाहेर पडतात आणि त्याभोवती दाहाची गाठ बनते. वाहिनीला कायमचा व्रण पडायला तिथून सुरुवात होते.

पुढची हानी मात्र बरीचशी कृमीविना होते. पावसाळ्यात भाताच्या चिखलात दिवसभर उभे राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात. निरोगी पायात अशा जागेतून शिरलेले जंतू लसीकेबरोबर ग्रंथींत जाऊन मरतात, फार तर जांघेत अवधाण येते. तुंबलेल्या पायात ते तिथेच वाढतात. हुडहुडी भरून ताप चढतो, पाय लालबुंद होतो, हात लावू देत नाही, आणि आठवडाभराने ताप उतरला की त्वचेचे पापुद्रे सुटतात. जुन्या लोकांच्या बोलण्यात याला धावरे म्हणतात. प्रत्येक झटका थोडी जास्त तंतुमयता मागे ठेवून जातो. हत्तीपाय एका रात्रीत होत नाही, तो अशा अनेक झटक्यांतून घडतो.

सामुदायिक औषधोपचार मोहिमेत दिल्या जाणाऱ्या डीईसी आणि अल्बेंडाझोल गोळ्या रक्तातल्या सूक्ष्म कृमींवर काम करतात आणि प्रसार थांबवतात. आयव्हरमेक्टिनची जोड देऊन तीन औषधांची पद्धत देशात ज्या थोड्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नागपूर होते. नव्या पिढीला हत्तीरोगापासून वाचवण्याचा हाच मार्ग आहे. पण पूर्वीच निबर झालेला पाय या गोळ्यांनी पूर्ववत होत नाही, कारण तिथे आता कृमीपेक्षा तंतूंचा प्रश्न मोठा असतो. अशा रुग्णाला औषधासोबत पायाची निगा शिकवणे तितकेच गरजेचे आहे.

बोटांनी वाचता येणाऱ्या पायऱ्या

दाह आणि तंतुमयता किती पुढे गेली आहे, हे बऱ्याचदा हातानेच कळते. आजाराच्या शून्य पायरीवर लसीकेचा प्रवाह बिघडलेला असतो, पण सूज दिसत नाही. रुग्ण फक्त जडपणा सांगतो. पहिल्या पायरीवर खळगा पडतो आणि हात-पाय उंच ठेवल्याने सूज उतरते. दुसऱ्या पायरीवर उंच ठेवूनही ती उतरत नाही आणि त्या पायरीच्या अखेरीस खळगा पडणेही बंद होते. तिसऱ्या पायरीवर त्वचा जाड, काळपट, मस्से आल्यासारखी होते आणि घड्या पडतात.

रॉबर्ट स्टेमर यांनी १९७६ मध्ये सांगितलेली एक खूण आजही उपयोगी पडते. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी वरची त्वचा चिमटीत धरून पाहायची. निरोगी त्वचेची पातळ घडी सहज उचलली जाते, तंतुमय त्वचा चिमटीत येत नाही. घडी उचलली गेली म्हणून आजार नाही असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही, कारण सुरुवातीच्या काळात ही खूण नसूही शकते.

दीर्घकाळ तुंबलेल्या भागाची रोगप्रतिकारशक्तीही मंदावते. अगदी क्वचित, अनेक वर्षांच्या लिम्फेडेमात अँजिओसार्कोमा हा घातक कर्करोग होतो. स्ट्युअर्ट आणि ट्रीव्हज यांनी १९४८ मध्ये त्याचे वर्णन केले. जुन्या सुजेवर अचानक जांभळट गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर विलंब न करता तपासणी करून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

चक्र तोडण्याचे उपाय

लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या या सुजेवर दीर्घकाळ देणे योग्य नसते. त्या पाणी काढतात, प्रथिने मात्र जागेवरच राहतात, आणि दाह पेटवणारा माल तोच असतो.

पहिला उपाय लसीका साचू न देण्याचा. कमी ताणाच्या पट्ट्यांचे थर, दाब देणारे मोजे किंवा हाताची स्लीव्ह, हलक्या हाताचे लसीका-मर्दन, नियमित व्यायाम आणि त्वचेची निगा हे सारे एकत्र केले की सूज आटोक्यात राहते. दाब आणि संसर्ग यांचा थेट संबंधही सिद्ध झाला आहे. ऑस्ट्रेलियात केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाय सुजलेल्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णांपैकी दाबाचे मोजे वापरणाऱ्या गटात १५ टक्के जणांना पुन्हा संसर्ग झाला, न वापरणाऱ्यांत ४० टक्के जणांना.

दुसरा उपाय जंतूंची वाट बंद करण्याचा. ब्राझीलमधल्या रेसिफे इथे जेरुझा ड्रेयर यांनी हत्तीरोगाच्या रुग्णांना जे शिकवले ते अतिशय साधे आहे: पाय रोज साबणाने धुणे, बेचक्यांत बोट घालून नीट पुसणे, चिखल्या आणि भेगांवर वेळीच मलम लावणे, पादत्राण घालणे. त्यामुळे तापाचे झटके लक्षणीयरीत्या कमी होतात. वारंवार झटके येणाऱ्यांना डॉक्टर दीर्घकाळ पेनिसिलिन देतात. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २०१३ च्या चाचणीत एक वर्ष पेनिसिलिन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के जणांना पायाचा संसर्ग पुन्हा झाला, न घेणाऱ्यांत ३७ टक्के जणांना. गोळ्या बंद केल्यावर हा फायदा ओसरला.

तिसरा उपाय वेळ गाठण्याचा. स्तनाच्या कर्करोगानंतर हाताचे नियमित मोजमाप ठेवले तर दिसण्याआधीची सूज पकडता येते. अशा वेळी चार आठवडे स्लीव्ह वापरणाऱ्या स्त्रियांच्या एका मोठ्या चाचणीत, हातातल्या पाण्याचा अंदाज विद्युतप्रवाहाने घेतलेल्या गटात फक्त ७.९ टक्के जणींचा आजार पुढे गेला. टेपने माप घेतलेल्या गटात हे प्रमाण १९.२ टक्के होते. वजन आटोक्यात ठेवणे हेही याच उपायात मोडते, कारण लठ्ठपणा स्वतःच दाह वाढवतो.

चौथा उपाय दाहावर नेमके औषध शोधण्याचा, आणि तो अजून पूर्ण झालेला नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टॅनली रॉक्सन यांच्या गटाने २०१८ मध्ये केटोप्रोफेन या दाहशामक औषधाचा परिणाम नोंदवला. त्वचेची जाडी कमी झाली आणि सूक्ष्मदर्शकाखालचे चित्रही सुधारले, हातापायाचा घेर मात्र फारसा बदलला नाही. केटोप्रोफेनचा गुण ल्युकोट्रायीन बी४ या रसायनावरच्या परिणामामुळे येतो, असे त्याच गटाचे प्राण्यांवरचे काम सुचवत होते. तेच रसायन अडवणारे युबेनिमेक्स मात्र माणसांवरच्या चाचणीत अपयशी ठरले. इंटरल्युकिन-४ आणि १३ या दोन्हींना रोखणाऱ्या प्रतिपिंडांच्या छोट्या चाचणीतही त्वचा सुधारली, घेर नाही. या निकालांतून एक गोष्ट दिसते: दाह शमवला तर त्वचा प्रतिसाद देते, पण साचलेली चरबी आणि कायमचा व्रण झालेल्या वाहिन्या औषधाने मागे फिरत नाहीत. ही औषधे रुग्णाने स्वतःहून दीर्घकाळ घेण्यासारखी नाहीत. केटोप्रोफेनसारख्या गोळ्यांनी जठर, मूत्रपिंड आणि हृदयाला इजा होऊ शकते.

शस्त्रक्रियेची निवडही याच हिशोबावर होते. वाहिन्या अजून आकुंचन पावत असतील तर त्या सूक्ष्म शस्त्रक्रियेने शिरेला जोडण्यात अर्थ असतो. निरोगी लसीकाग्रंथींचे रोपणही करतात. हात चरबीने भरला असेल तर लायपोसक्शनने तो पूर्ववत आकाराला आणता येतो. मात्र त्यानंतर दाबाची स्लीव्ह आयुष्यभर वापरावी लागते, कारण लसीकेचा मूळ अडथळा तसाच राहिलेला असतो. कोणती शस्त्रक्रिया करायची हे सुजेच्या आकारापेक्षा ती कशाची बनली आहे यावर ठरते. पाण्याची असेल तर वाट करून द्यायची, चरबीची असेल तर काढायची, आणि तंतूंची होण्याआधीच दाह थांबवायचा.